औषध गरम पडलं

"सर, तो बघा धुरळा," मागून ढवळे सिस्टर ओरडल्या, आणि मी गाडी सडक सोडून सरळ नांगरटीत घातली.

माझी मोटारसायकल बारा वर्षांची, सिस्टर अंगानं भरलेल्या, आणि त्यांच्या मांडीवर लसीची निळी पेटी. ढेकळांवरून आम्ही असे काही उडत होतो की पेटीतल्या बर्फाच्या पिशव्या आपटल्याचं मला ऐकू येत होतं. सिस्टरांनी एका हातानं पेटी धरली होती, दुसऱ्या हातानं माझा शर्ट. हळू चालवा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणतील कशाला, घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं.

तो धुरळा म्हणजे धुळा तात्या कोळेकरांची मेंढरं. मेंढरं पुढे लागली की मागोमाग बिऱ्हाड हलणार, आणि संध्याकाळपर्यंत अख्खा तळ घाट उतरून दुसऱ्या जिल्ह्यात. आम्हाला दोनच्या आत त्यांना गाठायचं होतं. सकाळी दहाला सिस्टरांनी शाळेत गोवराच्या लसीची शेवटची कुपी फोडली होती, दहा डोसची. चार पोरांना टोचली, सहा डोस उरले. ही लस एकदा कालवली की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकून द्यायची. नवा साठा यायला दोन दिवस होते.

आणि दोन दिवस थांबायची सोय नव्हती, कारण त्या तळावर मैना होती. धुळा तात्यांची नात, अकरा महिन्यांची. परवाच्या बाजारात ती ज्या पोराशेजारी घोंगडीवर खेळली, त्याच्या अंगावर काल गोवर उठला होता. संपर्कापासून तीन दिवसांच्या आत लस पडली तर पोरगी वाचायची आशा आहे, असं सिस्टर म्हणत होत्या. त्यातला आज शेवटचा दिवस. आठ दिवसांपूर्वी कालव्याकडच्या तळावर अडीच वर्षांची चिंगी ह्याच गोवरानं गेली होती. त्याआधी लस घेऊन सिस्टर तिच्या आईकडे दोनदा जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा अंगावर कुत्री आली.

म्हणून तर मला बोलावलं होतं. मी हणमंत रणपिसे, पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे गुराढोरांना, मेंढरांना लस टोचणारा सरकारी माणूस. कागदोपत्री मी डॉक्टर नव्हतो, पण त्या भागातल्या आठही तळांवरचे धनगर मला डॉक्टरच म्हणायचे आणि मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. आरोग्य केंद्राच्या मॅडम स्वतः माझ्या दवाखान्याच्या पायरीवर आल्या आणि म्हणाल्या, रणपिसे, धनगरांत तुमच्या शब्दाला वजन आहे. माझी छाती फुगली. ताबडतोब किक मारली.

वाटेत सिस्टर मला एकेक अफवा सांगत होत्या. ही सुई घेतली की पोरींना पुढं मूल होत नाही. सरकारला चराऊ रानं हवीत, म्हणून आधी मेंढरं कमी केली, आता धनगरांची पोरं कमी करणार. कुठल्याशा गावात सुई घेऊन सतरा पोरी पडल्या. गाव कुठलं, कुणाला माहीत नाही. मी हसून हसून गाडी वेडीवाकडी चालवत होतो. मग चिंगीची आठवण झाली आणि माझं टाळकं फिरलं.

"सिस्टर, हे ज्यानं उठवलं ना, त्याची जीभ हासडली पाहिजे," मी म्हणालो. "माझ्या हाती लागू दे एकदा."

सिस्टर म्हणाल्या, आधी तळ हाती लागू दे.

तळ लागला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पालं उतरवून झाली होती. घोड्यांवर सामान चढत होतं, भांड्यांच्या वर पाय बांधलेल्या कोंबड्या, एका टोपल्यात परवाच जन्मलेली दोन कोकरं. कुत्री भुंकत अंगावर आली, मला ओळखलं आणि शेपट्या हलवायला लागली. मी वळून सिस्टरांकडे बघितलं. म्हटलं, बघा.

धुळा तात्या सत्तरीचे, लाल मुंडासं, काटक अंग. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "डाक्टर आलं. सोडा रं घोडी जरा." लगेच घोंगडी अंथरली गेली, चूल मोडली होती तरी तीन दगड मांडून चहा ठेवला गेला. एवढा मान मला माझ्या सासुरवाडीत मिळालेला नाही. सिस्टर नुसत्या घड्याळाला टिचक्या मारत होत्या.

मग मी बोलायला उभा राहिलो. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. गोवर म्हणजे काय, तो कसा पसरतो, लस कशी काम करते, कालव्याकडची चिंगी कशी गेली, परवाच्या बाजारात मैना कुणाजवळ बसली होती, आणि आज तळावरची ही सहा लहान पोरं टोचून घेतली नाहीत तर काय होईल, सगळं सांगितलं. बाया माना डोलावत होत्या. पुरुष पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. सिस्टरांनी सुई भरून हातात घेतली.

कुणी जागचं हललं नाही.

मैनेचा बाप, तात्यांचा मुलगा सिदू, मोबाईल घेऊन पुढं आला. त्यात एक पांढऱ्या कोटातला माणूस हातवारे करत हिंदीत बोलत होता. मी सिदूला विचारलं, काय म्हणतोय हा? सिदू म्हणाला, समजलं नाही, पण लई तळमळीनं बोलतोय. मी म्हटलं, पांढरा कोट तर बाजारात न्हावीपण घालतो. दोघं-तिघं हसले. मला वाटलं, जिंकलं. सिस्टर एक पाऊल पुढं झाल्या आणि बायांनी पोरं पदराआड घेतली.

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. मी तात्यांना म्हणालो की तुमच्या मेंढरांना मी टोचतो तेव्हा तुम्ही स्वतः धरून देता. मेंढरं माझ्या हवाली करता आणि नातीच्या वेळी मागं सरता, हा कुठला न्याय? मेंढी मोलाची आणि पोर फुकटची?

तात्यांनी नजर वळवली ती घोड्यांकडे. बोलली ती बायडा, मैनेची आई.

बायडाला सात वर्षं मूल नव्हतं. मोप उपास केले, बिरोबाला नवस बोलली, आणि मग मैना झाली. पोरीच्या कमरेच्या करगोट्यात एक घुंगरू बांधलेलं होतं, हलली की वाजायचं. बायडानं मैनेला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली,

"डाक्टर, तुमीच म्हणाला हुता की. सरकारी औशीद गरम पडतं. बारा मेंढ्या गाभडल्या त्या साली. मेंढीचा गाभ ऱ्हायला न्हाई, तर माज्या पोरीची कूस ऱ्हाईल व्हय?"

हातातला चहा लवंडला तो माझ्याच पँटवर, तेही मला नंतर कळलं.

कारण ते वाक्य माझंच होतं.

दोन वर्षांपूर्वीचा मार्चअखेर. वरून रोज फोन, उद्दिष्ट पुरं करा, उद्दिष्ट पुरं करा. धुळा तात्यांच्या कळपातल्या चारशे मेंढ्या टोचायच्या राहिल्या होत्या. रीत अशी की मेंढरं जाळीच्या कुंपणात घ्यायची, एकेक पकडायची, पोट चाचपून बघायचं, गाभण असेल तर जपून टोचायची आणि हळू सोडायची. दोन दिवसांचं काम. मी ते एका दुपारी उरकायला निघालो. दगडी बांधाला एक खिंडार होतं. मी सिरिंज घेऊन त्या खिंडारात बसलो आणि म्हणालो, मागनं हाका, जाईल तशी टोचतो. मेंढरं बुजली. खिंडारात एकीवर एक चढल्या, गाभण मेंढ्यांची पोटं दगडांना घासली, चेंगरली. मी टोचत राहिलो.

पुढच्या चार दिवसांत बारा मेंढ्या गाभडल्या. तात्यांचा निरोप आला, मी गेलो, ओळीनं ठेवलेली मेलेली कोकरं बघितली आणि काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. साहेबांच्या कानावर गेलं असतं तर नोकरीवर आलं असतं. मी मान हलवली आणि म्हणालो, औषध जरा गरम पडलं, तात्या. होतं असं कधी कधी. एवढं बोलून मी घरी गेलो, जेवलो, आणि खरं सांगतो, महिनाभरात ते विसरूनसुद्धा गेलो.

ते वाक्य मात्र विसरलं नव्हतं. दोन वर्षं ते तळातळावर फिरलं, फुगलं, त्याला सरकार चिकटलं, चराऊ रानं चिकटली, पोरींची कूस चिकटली, आणि आता बायडाच्या तोंडून ते माझ्याकडे परत आलं होतं. धनगरांत माझ्या शब्दाला वजन होतं. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या.

तेव्हासुद्धा मी लगेच खरं बोललो असं समजू नका. मी आधी पळवाट शोधली. घसा खाकरून म्हणालो की मेंढीचं औषध वेगळं, माणसाचं वेगळं. कंपनी वेगळी, खातं वेगळं.

"सरकार येकच की," बायडा म्हणाली.

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं, त्यांना एवढंच दिसत होतं की इतका वेळ तोफा डागणारा रणपिसे अचानक गप्प झालाय. त्या हळूच म्हणाल्या, "दीड वाजला, सर." पलीकडे लादलेलं घोडं खूर आपटत होतं. सिदूनं त्याचा लगाम हातात घेतला. निघायची तयारी.

धुळा तात्या उठले. सामानातून त्यांनी एक कातडी पिशवी काढली, तोंड सोडलं आणि माझ्यापुढं धरली. आत भंडारा होता, बिरोबाची हळद. धनगर ती हातात घेऊन बोलला की ते बोलणं देवासमोरचं. भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. माझ्या घरचा देव खंडोबा, भंडारा माझ्याही देवाचाच.

आजवर मला अहोजाहो करणारा म्हातारा अरे-तुरेवर आला.

"उचल," तात्या म्हणाले. "आन सांग. माज्या बारा मेंढ्या तुज्या औशिदानं गेल्या का? व्हय म्हण, आमी चाललो. न्हाई म्हणलास तर कशानं गेल्या त्ये सांग."

आता बघा काय अवघड होऊन बसलं. हो म्हणालो तर मैना त्या घोड्यावर बसून घाट उतरणार, आणि पुढं तिचं काय होईल ते मला माहीत होतं. नाही म्हणालो तर माझं सगळं उघड्यावर. चाळीस माणसं होती, सिस्टर होत्या, त्यांच्यामागं आरोग्य केंद्राच्या मॅडम, मॅडमांच्या मागं माझे साहेब. पायाशी कुत्र्यांनी लवंडलेला चहा चाटायला घेतला होता. मैनेनं हात पुढं करून पिशवीतला भंडारा धरायला बघितला, घुंगरू वाजलं, आणि बायडानं तिचा हात मागं ओढला.

मी मूठभर भंडारा उचलला.

"औषधानं नाही गेल्या," मी म्हणालो. "माझ्या घाईनं गेल्या. खिंडारातून कोंबून टोचल्या मी, एकीवर एक चढल्या, चेंगरल्या. औषधात काही नव्हतं. गरम पडलं म्हणालो ते नोकरी वाचवायला. खोटं बोललो मी, तात्या."

सिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की तासाभरापूर्वी जीभ हासडायची भाषा मी केली होती ती दोघांनाही एकदमच आठवली. सिदूनं लगाम टाकला आणि काठी घेऊन माझ्या अंगावर आला. मी हललो नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

"थांब," धुळा तात्या म्हणाले.

सिदू थांबला, पण काठी वरच होती.

"तू त्या दिशी बाजारला गेल्ता. मेंढरं मागनं कोण हाकत हुतं, ठावं हाय तुला?" तात्यांनी पिशवीत हात घातला आणि स्वतःच भंडारा उचलला. "मी. रानाचा मालक सांजच्याला पानी सोडणार हुता, मला निगायची घाई. गाभण मेंढ्या चेंगरताना ह्या डोळ्यांनी बगत हुतो आन काठी मारत हुतो. त्यातल्या पाच तुज्या मामानं राखणीला दिलेल्या. त्येला काय तोंड दावू? डाक्टर म्हणाला औशीद गरम पडलं, मला बरंच झालं. सात तळांवर मीच सांगत फिरलो."

सिदूची काठी खाली आली. माझे तर डोळेच विस्फारले. दोन वर्षं हा म्हातारा मला चहा पाजत होता, डॉक्टर डॉक्टर करत होता, आणि त्याला सगळं माहीत होतं.

"मग मला कशाला उचलायला लावलात?" मी विचारलं.

"तू खोटं बोलला आसतास तर मीबी गप बसलो आसतो," तात्या म्हणाले. "माजी एकल्याची छाती हुईना."

आम्ही दोघं पिवळ्या हातांनी एकमेकांसमोर उभे. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. अजून किती वेळ तसे उभे राहिलो असतो कुणास ठाऊक, पण बायडा मधे आली.

"झालं का दोगांचं बोलून? मग व्हा बाजूला," ती म्हणाली, आणि मैनेचं झबलं दंडावरून वर सरकवत सिस्टरांपुढं बसली. "बाई, कुटं टोचायचं?"

सिस्टरांचे हात काय सांगू तुम्हाला. इतका वेळ घामानं थबथबलेली ती बाई एकदम दगडासारखी स्थिर झाली. कापूस, दंड, सुई, संपलं. मैना एक क्षण नुसती बघत राहिली आणि मग अशी किंचाळली की घोड्यावरच्या कोंबड्यांनी कालवा केला. तळावरची सगळी माणसं हसली. सिस्टरांनी तिच्या डाव्या अंगठ्याला शाईची खूण केली. तिनं तो अंगठा लगेच तोंडात घातला.

मग रांगच लागली. दुसरा, तिसरा, चौथा. एक पोरगं घोड्याच्या पोटाखाली जाऊन लपलं, त्याला सिदूनं पाय धरून ओढून काढलं. सहावा डोस पडला तेव्हा दोनला दहा मिनिटं होती. सिस्टरांनी रिकामी कुपी उन्हात धरून मला दाखवली. मी उड्या मारायचं तेवढं बाकी होतं. इतका मोकळा, इतका हलका मी माझ्या लग्नातही नव्हतो. झालं, सुटलो, घरी जायचं, आंघोळ करायची, असं माझ्या मनात चाललेलं. मैना आता तिसरीत आहे, पण ते पुढचं. तेव्हा लस घेतल्यावर आठवड्याभरानं तिचं अंग जरा तापलं आणि दोन दिवसांत उतरलं, एवढंच झालं.

मी गाडीला किक मारणार तोच धुळा तात्या घोंगडी खांद्यावर टाकून, काठी घेऊन माझ्यामागं येऊन उभे राहिले. मी विचारलं, तुम्ही कुठं? तळ तर तिकडं चाललाय.

"सात तळं ऱ्हायली न्हवं," ते म्हणाले.

मी सिस्टरांकडे बघितलं. मला वाटलं त्या म्हणतील, आता राहू दे, दमलात. सिस्टरांनी पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "रणपिसे, तुमची जीभ सांभाळा. सात ठिकाणी लागणार आहे." त्या दिवसापासून पुढं बरेच दिवस त्यांनी मला सर म्हटलं नाही.

साठा येईपर्यंत दोन दिवस तात्या माझ्याच घरी ओसरीवर राहिले. मी बायकोला सांगायला शब्द जुळवत होतो, तोवर त्यांनी तिला भाकरी खाता खाता सगळं सांगून टाकलंसुद्धा. तिनं माझ्या ताटात भाजी वाढली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो, पुढं मी, मधे काठी आडवी धरून तात्या, मागं पेटी घेऊन सिस्टर. वाटेत पोलिसानं अडवलं असतं तर मी त्यालाही भंडारा उचलून सगळं सांगितलं असतं, अशी माझी अवस्था.

पहिल्या तळावर माझी जीभ दोनदा अडली. दुसऱ्यावर एका म्हातारीनं ताकाचं भांडं माझ्या अंगावर रिकामं केलं आणि मग स्वतःच्या तीन नातवंडांना ओढून आणलं. तात्यांचा मेहुणा, ज्याच्या पाच मेंढ्या होत्या, तो तात्यांशी एक शब्द बोलला नाही, पण पोरं टोचून घेतली. चौथ्या तळापासून तर माझ्या आधी तात्याच सुरू व्हायचे, मागनं काठी माजी हुती. लोकांना भारी मजा वाटायची. दोन बाप्ये उभे राहून एकमेकांच्या आधी आपलीच चूक सांगायला धडपडतायत, हे त्यांनी कुठं बघितलेलं? मोबाईलमधला तो पांढरा कोटवाला त्यापुढं फिका पडला. सहा तळांवर मिळून एकतीस पोरं झाली. आम्ही तिघं गाडीवर गाणी म्हणत परतायचो. खरंच सांगतो, सिस्टरसुद्धा.

वाट मी ठरवत होतो. आणि मी ती अशी ठरवली होती की कालव्याकडचा तळ शेवटी येईल. फिरतीच्या चौथ्या दिवशी सकाळी मी तात्यांना म्हणालो की सिस्टर एकट्या गेल्या तरी चालेल आता, बातमी पोचली असेल तिथवर. तात्या जाऊन गाडीवर बसले.

चिंगीची आई कोंडाबाई पालासमोर बसून लोकर कातत होती. ह्या वेळी कुत्री आली नाहीत, कुणीतरी बांधून ठेवली होती. तिच्या मागं तिची मोठी मुलगी उभी होती, आठ-नऊ वर्षांची असेल. गोवर पालात येऊन गेला होता आणि ही कशी कोण जाणे सुटली होती. मी चपला काढल्या. तात्यांनी पिशवी उघडली. मी भंडारा उचलला आणि सात वेळा घोकून झालेलं सगळं पहिल्यांदाच बोलतोय असं बोललो. मागोमाग तात्या बोलले.

कोंडाबाईची चाती फिरायची थांबली. धागा बोटात तसाच राहिला.

"ह्येच म्हैनाभर आदी का न्हाई आलासा सांगाया?" तिनं विचारलं.

ती ओरडली नाही. खरोखरच विचारावं तसं तिनं विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. बायडापुढं मला निदान पळवाट तरी सुचली होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तात्या जमिनीकडे बघत होते. सिस्टर पेटी उघडायला वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या.

कोंडाबाई उठली. चाती बाजूला ठेवली, हात लुगड्याला पुसले, मोठीला दंडाला धरून पुढं आणलं आणि सिस्टरांसमोर उभी केली. सुई बघून ती पोर लटलट कापायला लागली. कोंडाबाई माझ्याकडे वळली.

"हिला धरा डाक्टर," ती म्हणाली. "जपून."

मी भंडाऱ्याचे हात शर्टाला पुसले, गुडघ्यांवर बसलो आणि तिला धरली.